रिकामी टाकी रिकामी दिसली पाहिजे

प्रश्न ह्यूस्टनहून आला आहे. मूळचे साताऱ्याचे, स्कूबाचे साठ-सत्तर डाइव्ह झालेले एक गृहस्थ मार्चमध्ये मेक्सिकोतल्या कोझुमेलला चालले आहेत. त्यांच्याकडे ३ घनफुटांची 'स्पेअर एअर' टाकी आहे, म्हणजे पाण्याखाली मुख्य टाकीतली हवा संपली तर वर येण्यापुरती जवळ ठेवायची छोटी टाकी. ती विमानातून नेता येईल का, डिसेंबरात भारतात येताना अंदमानसाठी आणता येईल का, आणि पुण्यातल्या भाच्याने ऑनलाइन बघून ठेवलेली हातपंपावर भरणारी मिनी टाकी मालवणसाठी घ्यावी का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर 'हो, पण' असं आहे, दुसऱ्याचं 'आणू नका' आणि तिसऱ्याचं 'अजिबात नको'. आता सविस्तर.

अमेरिकेतल्या विमानतळांवर सामान तपासणारी टीएसए ही यंत्रणा दाबाखालच्या वायूच्या टाकीला हँडबॅगेत आणि चेक-इन सामानात, दोन्हीकडे परवानगी देते. अट एकच आहे: व्हॉल्व्ह टाकीपासून पूर्ण वेगळा केलेला हवा आणि टाकीचं तोंड उघडं हवं, म्हणजे तपासणाऱ्याला आत डोकावून बघता येईल. व्हॉल्व्ह बसवलेला असेल तर गेजचा काटा शून्यावर असला तरी टाकी जात नाही. आणि तिथला कर्मचारी तुमच्यासाठी व्हॉल्व्ह काढूनही देत नाही. 'साहेब, तुम्हीच पान्याने फिरवून बघा' हे तिथे चालत नाही.

इथे आपली डायव्हर मंडळी एका शब्दाने फसतात. टीएसएच्या नियमात 'रेग्युलेटर व्हॉल्व्ह' असा शब्द आहे. आपल्या बोलीत रेग्युलेटर म्हणजे फर्स्ट स्टेज (टाकीवर बसवायचा, दाब कमी करणारा भाग), होज म्हणजे नळी आणि तोंडात धरायचा तो सेकंड स्टेज. त्यामुळे लोक फर्स्ट स्टेज सोडवतात, वेगळ्या पिशवीत ठेवतात आणि नियम पाळला असं समजून निर्धास्त होतात. पण टीएसएला अभिप्रेत असतो तो टाकीच्या मानेत आट्यांनी घट्ट बसवलेला, मूठ फिरवून उघडायचा पितळी व्हॉल्व्ह. तुमच्या छोट्या टाकीत तर श्वास घ्यायचा भाग थेट मानेवरच बसवलेला असतो, म्हणजे तो आख्खा तुकडाच काढावा लागेल.

मी स्वतः हे ठेच लागून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी आपल्याकडच्या एका मोठ्या विमानतळावर १३ घनफुटांची पोनी (मुख्य टाकीच्या जोडीला न्यायची छोटी जादा टाकी) घेऊन उभा होतो. हवा सगळी सोडलेली, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, गेज लावून काटा शून्यावर. सुरक्षेच्या माणसाने शांतपणे विचारलं, 'काटा बिघडला नाही हे मला कसं कळणार?' मी तोंड उघडलं आणि परत मिटलं, कारण त्याचं बरोबर होतं. एक्स-रेमध्ये त्याला जाड भिंतीची, एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला धातूचं डोकं असलेली नळकांडी दिसत होती. आत २०० बार आहेत (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेएवढा दाब) की काहीच नाही, हे त्या चित्रावरून कुणालाच सांगता येत नाही. नशिबाने मेव्हणे सोडायला आले होते आणि अजून बाहेरच होते. ती टाकी मग दोन वर्षं त्यांच्या डोंबिवलीच्या घरात माळ्यावर पडून होती, शेजारी दिवाळीचा आकाशकंदील.

लोक नेहमी आणखी एक कारण सांगतात: 'वर हवेचा दाब कमी असतो, म्हणून टाकी फुटेल.' हे चूक आहे. विमानाच्या आतला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवलेला असतो. जमिनीच्या तुलनेत फरक पडतो पाव बारचा. २०० बार सहन करणाऱ्या टाकीला पाव बारने काय होणार! खरी भीती दोन गोष्टींची असते. आदळआपटीत व्हॉल्व्ह तुटला तर टाकी अग्निबाणासारखी सुटते, आणि सामानाच्या कप्प्यात आग लागली तर तापलेल्या टाकीतला दाब वाढत जातो. भरलेली टाकी विमानात काय करू शकते याचं उदाहरण हवं असेल तर २५ जुलै २००८ चं घ्या. क्वांटासचं बोइंग ७४७-४०० हाँगकाँगहून मेलबर्नला जात असताना त्यातला ऑक्सिजनचा एक सिलेंडर फुटला आणि विमानाच्या अंगाला मोठं भगदाड पडलं. विमान मनिलाला उतरवलं आणि कुणालाही इजा झाली नाही. तो सिलेंडर प्रवाशाचा नव्हता, विमानाच्याच आणीबाणीच्या साठ्यातला, नियमाप्रमाणे बसवलेला होता. त्यामुळे तुमच्या बॅगेतल्या अनोळखी टाकीबद्दल त्यांनी कडक असावं याचा मला राग येत नाही.

कागदावरचा नियम असा आहे की २० अंश सेल्सियसला गेजवर २ बारपेक्षा कमी दाब असलेली साधी हवा धोकादायक माल धरली जात नाही. पण विमानतळावर हा युक्तिवाद घेऊन उभं राहू नका. तिथे प्रश्न दिसण्याचा असतो, आकड्याचा नाही.

दुसरा गोंधळ सीओटूच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या काडतुसांचा. आपोआप फुगणाऱ्या लाइफ जॅकेटबरोबर छोटी काडतुसं नेता येतात, बर्फात वापरायच्या हिमस्खलनाच्या पिशवीबरोबर छोटा सिलेंडर नेता येतो, दोन्ही एअरलाइनच्या संमतीने. हे वाचून लोक म्हणतात, मग माझी टाकी का नाही? कारण त्या सवलती त्या ठरावीक उपकरणांपुरत्या आहेत. इतर उपकरणांसाठीच्या काडतुसांना तर ५० मिलीलिटरची मर्यादा आहे. तुमची टाकी साधारण ४२० मिलीलिटरची. दिसायला थर्मासपेक्षा लहान असली तरी त्या खिडकीतून ती जात नाही.

आता व्हॉल्व्ह काढण्याबद्दल, कारण खरी दुखापत इथे होते. आधी हवा सोडा आणि हळू सोडा. मूठ किंचित उघडून पंधरा-वीस मिनिटं द्या. भसाभस सोडली तर टाकी बर्फासारखी गार पडते आणि दमट हवामानात तिच्यावर, व्हॉल्व्हवर पाणी धरतं. ते पाणी नंतर उघड्या तोंडातून आत जायला वेळ लागत नाही. आवाज थांबला म्हणजे टाकी रिकामी झाली असंही समजू नका. व्हॉल्व्हच्या आतली नळी चोंदलेली असेल तर बाहेर शांतता आणि आत दाब, असं होऊ शकतं. हिशेब बघा: मानेचं भोक अडीच सेंटीमीटरचं धरलं तर आत फक्त १० बार उरले असतानाही व्हॉल्व्हच्या बुडावर जवळपास ५० किलोचा रेटा असतो. २०० बारला तोच रेटा एक टन होतो. शेवटचा आटा सुटताना तुमचा चेहरा वर असेल तर पुढचं सांगायला नको. माझा नियम साधा आहे. रिकाम्या टाकीचा व्हॉल्व्ह सुरुवातीच्या झटक्यानंतर हाताने फिरला पाहिजे. पुढेही जोर लागत असेल तर आत दाब आहे असं धरून थांबायचं. आणि खरं सांगायचं तर हे काम तुम्ही करूच नका. ह्यूस्टनमध्ये जिथे टाकी भरून घेता तिथेच काढून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, त्यांच्याकडे शिकंजा आहे, हात बसलेला आहे.

काढलेला व्हॉल्व्ह कापडात गुंडाळून वेगळा ठेवा, त्याच्या आट्यांना मार लागता कामा नये. टाकीच्या तोंडावर घट्ट बूच किंवा चिकटपट्टी लावू नका. तसं केलंत की ती पुन्हा 'बंद टाकी' झाली. मी पातळ जाळीचं कापड रबरबँडने अडकवतो, एका बोटाने बाजूला होतं. टाकी चेक-इन सामानात, बॅगेत सगळ्यात वर, तोंड वरच्या बाजूला. अमेरिकेत चेक-इन बॅग तुमच्या माघारी उघडली जाते, तिथे समजावून सांगायला तुम्ही नसता. म्हणून एक चिठ्ठी: पोहण्याच्या श्वासयंत्राची रिकामी टाकी, व्हॉल्व्ह काढलेला, सोबत वेगळा ठेवला आहे. हँडबॅगेतही चालते, पण एवढ्या लोकांसमोर ती नळकांडी ट्रेमध्ये ठेवायची माझी तयारी नसते. शिवाय एअरलाइन टीएसएपेक्षा कडक असू शकते, तेव्हा तिकीट काढल्यावर लेखी विचारून उत्तराची छापील प्रत जवळ ठेवा. भरलेली टाकी सामानात गुपचूप घालण्याचा विचार तर मनातही आणू नका. अमेरिकेची विमान वाहतुकीवर देखरेख करणारी एफएए त्यासाठी दंड करते.

आणि परतीचा प्रवास? हे कुणीच विचारत नाही. कोझुमेलला पोहोचलात की व्हॉल्व्ह बसवून घ्यायचा, टाकी भरायची. उघडी टाकी आली की बरीच डाइव्ह शॉप आतून तपासणी केल्याशिवाय भरत नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे, प्रवासात आत काय गेलं कोण जाणे. मानेची ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) नवी लागते. पाऊण इंची आट्यांच्या पोनीला २१४ नंबरची बसते, दोन जवळ ठेवा. तुमच्या छोट्या टाकीची रिंग वेगळी असेल, पुस्तिकेत बघा. सकाळी बोट सुटते, शॉपवाल्याला तेव्हा तुमच्या टाकीसाठी वेळ नसतो, म्हणजे पहिला दिवस टाकीविनाच जातो. शेवटच्या दिवशी पुन्हा हाच खेळ उलटा. चार दिवसांच्या सहलीत दोन वेळा मेकॅनिकची वाट बघायची.

कशासाठी? ३ घनफुटांसाठी. आता तो हिशेब.

३ घनफूट म्हणजे ८५ लिटर हवा. कोझुमेलच्या पाण्याखालच्या भिंतींवर, पालांकार म्हणा, सांता रोसा म्हणा, तुम्ही सहज ३० मीटरवर असता. तिथे दाब ४ बार. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला साधारण २० लिटर श्वास घेतो, हवा संपलेला माणूस ३० तरी घेणारच. ३० मीटरवर ते होतात मिनिटाला १२० लिटर. तुमची टाकी चाळीस-बेचाळीस सेकंदांत संपली. तुम्हाला मात्र वर यायला मिनिटाला ९ मीटरच्या वेगाने तीन मिनिटं वीस सेकंद लागतात.

पूर्ण हिशेब करू. काय झालंय ते समजून टाकी तोंडात घ्यायला आणि स्वतःला सावरायला एक मिनिट: १२० लिटर. वर येताना सरासरी अडीच बार: २५० लिटर. ५ मीटरवर सुरक्षेसाठी तीन मिनिटांचा थांबा: १३५ लिटर. एकूण ५०५. १३ घनफुटांच्या पोनीत ३६८ लिटर असतात, म्हणजे थांबा न घेता ती जेमतेम पुरते, थोडी अपुरीच. १९ घनफुटांच्या पोनीत ५३८. म्हणून ३० मीटरला जाणाऱ्याने १९ ची घ्यावी असं मी सांगतो, त्याखालचं काही नाही. तुमची छोटी टाकी निरुपयोगी आहे असं नाही. १५ मीटरवरून, एक सेकंदही न घालवता निघालात, तर ती साधारण पृष्ठभागापर्यंत आणते. पण १५ मीटरवर बडी, म्हणजे जोडीदार, हाताच्या अंतरावर असेल तर त्याचा ऑक्टोपस (दुसऱ्याला द्यायचा जादा सेकंड स्टेज) तुमच्याजवळ आहेच. जिथे बडी हरवतो, प्रवाहात पुढे वाहून जातो, म्हणजे कोझुमेलसारख्या ड्रिफ्ट डाइव्हमध्ये, तिथेच ही टाकी कमी पडते. बॅगेत मावते ती पुरत नाही आणि पुरते ती न्यायची तर साडेतीन-चार किलो वजन, वर हा सगळा व्याप.

म्हणून मी गेली कित्येक वर्षं टाकी नेतच नाही. टाकी सोडून सगळं नेतो: वेगळा रेग्युलेटर, छोटं गेज, आणि टाकी बगलेत अडकवायचा पट्टा, दोन बोल्ट स्नॅप (अडकवायचे हुक), दोरी, मानेला आवळायचा क्लॅम्प. सगळं मिळून दोन-अडीच किलो, विमानतळावर कुणी विचारत नाही. कोझुमेल, मालदीव, थायलंड अशा गजबजलेल्या ठिकाणी पोनी किंवा ४० घनफुटांची स्टेज टाकी (तीही बगलेत अडकवायची जादा टाकीच) भाड्याने मिळू शकते. ४० ची बगलेत जरा अवजड वाटते, पण पाण्यात सवय होते. महिनाभर आधी मेलवर विचारा: टाकी केवढी आहे, किती आहेत, व्हॉल्व्ह योक आहे की डिन (रेग्युलेटर टाकीला जोडायच्या दोन वेगळ्या पद्धती). हे शेवटचं विचारायला विसरू नका. डिनचा रेग्युलेटर आणि योकची टाकी घेऊन बोटीवर बसलेला माणूस मी पाहिला आहे, आणि अडॅप्टर नेमका किनाऱ्यावर राहिलेला होता. पट्ट्याची जुळवाजुळव घरच्या तळ्यात, उथळ पाण्यात एकदा करून बघा. डोळे मिटून हात त्या सेकंड स्टेजवर जायला हवा.

स्वतःची टाकी नेण्याला आणखी एक अडचण आहे, ती शिक्क्याची. अमेरिकेत टाकीच्या खांद्यावर डॉट-३एएल असा ठसा असतो आणि पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी होते. ऑस्ट्रेलियात स्कूबाच्या टाकीची चाचणी दरवर्षी लागते आणि तिथला ठसा नसेल तर शॉप टाकीला हात लावत नाही. युरोपला त्यांची स्वतःची खूण हवी असते. कुणी जुनी पोनी स्वस्तात देत असेल तर तारीख बघा. १९९० च्या आधीच्या बऱ्याच ॲल्युमिनियमच्या टाक्या ६३५१ नावाच्या मिश्रधातूच्या असत आणि त्यांच्या मानेला बारीक चिरा जात. अनेक शॉप त्या भरायलाच नकार देतात. फुकट मिळाली तरी घेऊ नका.

आता डिसेंबर. भारतात टाकी आणू नका असं म्हणतो त्यामागे विमानतळापेक्षा भरण्याचा प्रश्न मोठा आहे. आपल्याकडे दाबाखालच्या वायूचा सिलेंडर गॅस सिलेंडर नियम, २०१६ खाली येतो आणि तो सांभाळणारी पेसो ही संस्था आपल्या नागपुरात आहे. मान्यता नसलेला सिलेंडर भरता येत नाही. तुमच्या टाकीवर अमेरिकेचा ठसा असेल, आपल्याकडची मान्यता नसेल. जबाबदार डाइव्ह सेंटर ती भरणार नाही आणि जो मुकाट्याने भरून देईल त्याच्या कॉम्प्रेसरचा फिल्टर कधी बदलला होता हे मला विचारावंसं वाटेल. शिवाय देशांतर्गत विमानाला सीआयएसएफची तपासणी असते. व्हॉल्व्ह काढलेली टाकी पाहूनही समोरचा अधिकारी नाही म्हणू शकतो, आणि मुंबई-पोर्ट ब्लेअरच्या विमानासमोर वाद घालायला वेळ नसतो. (शहराचं नाव आता श्री विजयपुरम झालं आहे, तिकिटावर गोंधळू नका.) स्वराज द्वीपला डिक्सन्स पिनॅकल किंवा जॉनीज गॉर्ज करणार असाल तर तुमच्या सेंटरला आधीच लिहा की मला बगलेत दुसरी टाकी हवी आहे. आढेवेढे घेतले तर पंचवीस मीटरपेक्षा खोल जाऊ नका, बडीला सोडू नका आणि टाकीत ७० बार उरले की वर निघा. आणि शेवटच्या डाइव्हनंतर, एकापेक्षा जास्त दिवस पाण्यात असाल तर किमान १८ तास विमानात बसू नका. अंदमानातली सकाळची विमानं याच हिशेबात लोकांना गोत्यात आणतात.

राहिला भाचा. अर्ध्या लिटरची टाकी, हातपंप, तोंडात धरायचा तुकडा, आणि जाहिरातीत 'दहा मिनिटं पाण्याखाली'. अर्धा लिटर गुणिले २०० बार म्हणजे १०० लिटर हवा. पृष्ठभागावर पाच मिनिटं, १० मीटरवर अडीच. तीही पूर्ण भरली तर. हातपंपाने २०० बार गाठताना माणूस घामाघूम होतो आणि पंप तापतो. मालवणच्या दमट हवेतल्या १०० लिटरमध्ये दोन-अडीच ग्रॅम पाणी असतं. दाबताना त्यातलं बहुतेक पंपात आणि टाकीत उतरतं, बोटाएवढा फिल्टर किती धरणार? पंप जीपच्या धुराजवळ मारला तर तो धूरही आत.

पण माझी खरी भीती हवेची नाही. भाचा पोहणारा आहे, डायव्हर नाही. पोहणाऱ्याला आयुष्यभर एकच सवय लागलेली असते, पाण्याखाली श्वास धरून ठेवायचा. दाबाखालची हवा छातीत भरून, श्वास धरून तो वर आला की फुप्फुसातली हवा फुगते. १० मीटरवरून पृष्ठभागापर्यंत ती दुप्पट होते. दीड मीटरवरून येतानाही फुप्फुस फाटल्याची उदाहरणं आहेत, म्हणजे पोहण्याच्या तलावाच्या खोल बाजूलाही हे होऊ शकतं. टाकी लहान असल्याने धोका लहान होत नाही.

त्याला तारकर्लीला घेऊन जा. एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र तिथे आहे, शिकवणारे आहेत. मिनी टाकीचे पैसे तिथल्या कोर्सला लावा. त्याला सांगायचंच असेल तर एवढं सांगा की पहिल्याच दिवशी तिथे 'श्वास कधीही धरायचा नाही' हे शिकवतील, आणि ते अंगवळणी पडल्यावर त्याला कुठली टाकी हवी हे त्याचं त्यालाच कळेल.